वैशूचा जाडा टायर

वैशू, कावळा शिवला गं एकदाचा. पण त्यासाठी मला चारचौघांत काय कबूल करावं लागलं, ते ऐकलं असतंस तर तिथल्या तिथे टाळ्या पिटल्या असत्यास.

दहाव्याला मीपण घाटावर आले. 'बायका येत नाहीत' म्हणून तुझ्या काकांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, काका, नणंद माझी आहे, मी येणार. पिंड मांडला, शेजारी तुझा बटाटावडा ठेवला, वर लसणीची सुकी चटणी. चटणीशिवाय दिला असता तर तू नक्की भांडली असतीस. खाडीकडच्या झाडावर कावळ्यांची रांग लागलेली. आणि एक हलेल तर शपथ.

तुझ्या दादाने हात जोडले. म्हणाला, "वैशू, आईला मी बघतो. काळजी करू नको." कावळे ढिम्म. माझं बघून आलेल्या तुझ्या शाळेतल्या सावंतबाई पुढे झाल्या, "मॅडम, मुलींची कबड्डीची टीम मी बंद पडू देणार नाही." ढिम्म. काकांनी गावी जाऊन देवीची ओटी भरायचं कबूल केलं. तुला कधी त्या ओटीत इंटरेस्ट होता? गुरुजींनी घड्याळात बघितलं आणि म्हणाले, अजून थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ.

मला ठाऊक होतं गं तुझं काय अडलंय. पहिल्यापासून ठाऊक होतं. पण मी ओठ घट्ट मिटून उभी. मनात म्हटलं, नाही म्हणजे नाही. वर्षभर हिच्यापुढे हरले नाही, आता ही मेल्याचा फायदा घेते काय? मग दादाकडे लक्ष गेलं. आत्ताचं ते कबूल करणं सोडलं तर तू गेल्यापासून तो एक वाक्य धड बोलला नव्हता. चहा हवा का विचारलं तर नुसती मान हलवायचा. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभा होता, हात तसेच जोडलेले, आणि त्या झाडाकडे असा बघत होता की माझ्याच्याने राहवेना. मी पुढे झाले आणि ओरडलेच, "बरं बाई, घालते तुझा जाडा टायर! आणि आरेचा रस्ता पण पुरा करते त्याच्यावर! झालं समाधान?"

आला कावळा. सरळ वड्यावर.

गुरुजींनी विचारलं, "कसला टायर?"

मी असलं काही मानत नाही, तूही मानत नव्हतीस. वडा होता, कावळा भुकेला होता, कधी ना कधी येणारच होता. पण शब्द गेला तो गेला. तोही काकांसमोर, म्हणजे सगळ्या खानदानात पोचला.

भेटायला येणारी माणसं गॅलरीत भिंतीला टेकवलेली आपली एकचाकी सायकल बघतात आणि आवाज खाली करून विचारतात, "हिच्यावरूनच पडल्या का?" नाही हो. चाकाने तिला कधी काही केलं नाही. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारपर्यंत आटोपलं. डॉक्टरांनी कसलं तरी लांबलचक नाव सांगितलं, ते मी मुद्दाम लक्षात ठेवलेलं नाही. मग लोक विचारतात, "या वयात, दोघी बायका, हे कसलं खूळ?" तेव्हा मात्र मी खुर्ची पुढे ओढून बसते आणि सगळं सांगते. ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो.

खूळ तुझंच. शाळेत पीटी शिकवून तुझं पोट भरलं नव्हतं. बोरिवलीचा कोण तो मुलगा परदेशी शिकायला चालला होता, त्याची लहान चाकाची एकचाकी तू रिक्षात घालून मुलुंडला आपल्या घरी घेऊन आलीस. आमची लेक ऋचा तेव्हा नुकती नोकरीला बंगळूरला गेली होती. मी संध्याकाळी सोफ्यावर बसून सीरियल बघायचे आणि कोणती बघितली विचारलं तर सांगता यायचं नाही. तू दारात उभी राहिलीस, म्हणालीस, "ए वयनी, ऊठ. तुझा नवरा पण सोफा आणि तू पण सोफा, घरात बसायला जागा कुठे उरली?"

पार्किंगमध्ये भिंतीला धरून मी त्या सीटवर चढले आणि भिंत सोडायला तयारच होईना. हँडल नाही, ब्रेक नाही, पेडल थेट चाकालाच जोडलेलं. चाक फिरलं की पाय फिरणार आणि पाय थांबले की तुम्ही खाली. तू म्हणायचीस, "खाली बघू नको. गेटकडे बघ. वॉचमनकडे बघ हवं तर." वॉचमन बिचारा लाजून आत जायचा. सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं, पार्किंगमध्ये सर्कशीचे प्रकार करू नयेत. तू त्याच्याखाली लिहिलंस, प्रवेश मोफत. आणि आई गॅलरीतून हाका मारायच्या, "तेच्यार बसान काय मेळता गो तुमकां?" आपण दोघी हसून हसून भिंतीला टेकायचो. काय मेळता हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगते. मला परत भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. कुणावर तरी ओरडावंसं वाटायला लागलं. पन्नाशीला आलेल्या भावजयीला तू हात धरून सोफ्यावरून उठवलंस, हे मी तुला एकदाही नीट म्हटलं नाही, कारण आपलं बोलणं म्हणजे सतत भांडण. थँक्यू म्हणायला मधे जागाच नसायची.

आणि भांडण कशावरून? टायरवरून. लोकांच्या नणंदा-भावजया पदार्थांवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात.

मोठ्या चाकाची एकचाकी आपण दोघींत मिळून घेतली, एकीच्या गळ्यात काय बांधायची म्हणून. एकोणतीस इंची. तिच्यावर बसून आरे कॉलनीतला तो तबेल्यांमधून जाणारा रस्ता करायचा, गोरेगावकडून आत शिरायचं आणि पवईच्या बाजूला बाहेर पडायचं, एकदा तू, एकदा मी. ठरलं होतं. पण आली तेव्हा तिला अरुंद रिम होती आणि वर बारीक, टणक टायर. मला तो बघताक्षणी आवडला. अंगठ्याने दाबला तरी दबेना. कंबर जरा वळवली की चाक वळायचं, हलकं, पटकन. तू एक फेरी मारलीस आणि उतरून पाठ धरलीस.

"वयनी, हा टायर नाही, शिक्षा आहे. आरेचा रस्ता बघितलायस ना? एका खड्ड्यात बसला की थेट तबेल्यात जाशील."

"मग खड्डा चुकवायचा."

"आणि दुसरा?"

तुला जाडा टायर हवा होता. तुझं म्हणणं, एकाच चाकावर सगळं वजन, स्प्रिंग नाही, काही नाही, जमिनीचा प्रत्येक दगड मणक्यात येतो. टायरमधली हवा हीच काय ती गादी, मग ती भरपूर नको का? माझं म्हणणं, जाडा टायर वळताना आळस करतो. शिवाय रस्त्याला जिकडे उतार असेल तिकडे स्वतःच चालायला लागतो, आपल्याला न विचारता. यावर तू म्हणालीस की जाडा टायर तसाच घालायचा नसतो, त्याला रिमही रुंद हवी. अरुंद रिमवर तो वळणावर कुशीवर कलंडतो, रुंद रिम त्याला दोन्ही बाजूंनी पाय रोवून उभं करते. म्हणजे आता टायर पण बदला आणि रिम पण बदला! मी म्हटलं, उद्या म्हणशील वयनी पण बदला. तू म्हणालीस, "तोच विचार चालू आहे. तू ना, तुझ्या त्या टायरसारखी कडक आहेस. जरा हवा सोड."

भांडी घासताना आपण यावर बोललो. ऋचाच्या व्हिडिओ कॉलवर ती बिचारी मधे आणि आपण दोन बाजूंनी. काकांच्या साठीशांतीला, गुरुजी मंत्र म्हणत असताना, तू माझ्या कानात म्हणालीस, "तू म्हणतेस तो बारीक टायर ओल्यात घसरतो." मी शेवटी वैतागून म्हटलं होतं, मी मेल्यावर घाल काय घालायचा तो. तू हसलीस आणि घाटकोपरला जाऊन रुंद रिमचं अख्खं वेगळं चाक बांधायला टाकून आलीस. चाक आलं, जाडा टायर आला, तू दोन्ही माझ्याच पलंगाखाली ठेवलेस, वर म्हणालीस, अंडी उबवायला ठेवलीत. आणि मग ती सकाळ आली.

तुझं सामान आवरताना आपली पहिली लहान एकचाकी हाती लागली. तिचा टायर फिरवून बघितला. सगळीकडे नक्षी शाबूत आणि एकाच जागी टक्कल पडलेलं, तळहाताएवढं. तुला आठवतं, पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आपण त्या बोरिवलीच्या मुलाला शिव्या घातल्या होत्या? मग तुझ्या लक्षात आलं की तू उभ्या जागी मागे-पुढे झुलतेस तेव्हा दर वेळी डावाच पाय खाली असतो. पेडल चाकालाच जोडलेलं, म्हणजे टायरचा तोच भाग दर वेळी जमिनीला लागणार आणि तिथेच झिजणार. मग अधूनमधून हवा सोडून टायर रिमवर जरासा फिरवून बसवायचा, ही आपली पद्धत पडली. या वेळी फिरवायचा राहून गेला होता. मी त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला आणि म्हटलं, ही इथे उभी राहायची. तो टायर मी आता फिरवणार नाही.

तेराव्याचं जेवण झालं, माणसं गेली, आणि मी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. शब्द पाळायचा तर लगेच पाळावा, नाहीतर मी पळवाट शोधेन हे मला माहीत आहे. तुझं नवं चाक काढलं, जाडा टायर त्यावर चढवायला घेतला. शेवटची कड रिमवर जाता जाईना. टायर चढवायच्या पट्ट्या तू कुठे ठेवल्यास देव जाणे, म्हणून मी हाताला आली ती पळी घेतली. आई ओरडल्या, "ती देवाची पळी गो!" आणि मग उठून पाट घेऊन माझ्यासमोर बसल्या. दोन्ही हातांनी चाक धरलं. म्हणाल्या, "मिया धरलंय घट्ट. तू घाल." वैशू, त्या दिवसांत तुझ्या आईंना जेवताना घास धरवत नव्हता. चाक मात्र धरलं ते टायर चढेपर्यंत सोडलं नाही.

टायर चढला. हवा भरली. चाक फ्रेमच्या चिमट्यात, त्या दोन दांड्यांच्या मधे, बसवलं, फिरवलं, आणि खर्र. दोन्ही बाजूंना घासतंय. परत काढलं, परत बसवलं. खर्र.

तू माप घेतलं होतंस की. शिवणाच्या टेपने चिमट्यातली जागा मोजलीस, टायरवर छापलेला आकडा बघितलास, आणि जागा उरते म्हणून मला ठणकावून सांगितलंस. पण तो आकडा कुठल्या रिमवरचा, हे तू बघितलंच नाहीस! रिम जितकी रुंद तितका टायर पसरतो. तुझ्या रुंद रिमवर तो छापलेल्या आकड्यापेक्षा चांगला जाड झाला आणि चिमट्याला जाऊन टेकला. म्हणजे तुझा टायर तुझ्याच रिममुळे बसत नाही! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. जिंकले! मी "वैशे, ये इकडे, बघ काय केलंयस!" म्हणत मागे वळलेसुद्धा.

आई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काय झालां?" मी म्हटलं, काही नाही आई, घासतंय जरा.

रात्रभर डोक्यात तेच. कबूल तर केलंय. चिमटा घासून जागा करावी तर फ्रेम कमजोर होणार. तुझ्या रुंद रिमवर माझा बारीक टायर घालावा तर तो वर सपाट होतो, वळायला बैलगाडी. आणि शब्द तर जाड्या टायरचा होता. सकाळी कुकर लावताना लख्ख सुचलं. कावळ्यासमोर मी टायर म्हटलं होतं. रिम म्हटलं नव्हतं!

तुझा जाडा टायर माझ्या जुन्या अरुंद रिमवर चढवला. तिथे तो आवरून बसला, चिमट्यात पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. वळणावर कलंडू नये म्हणून हवा जरा जास्त भरली, तुला आवडली असती त्याहून जास्त, मला आवडते त्याहून कमी. चाक फिरवलं. गपचूप फिरलं. वैशू, टायर तुझा आणि रिम माझी, एवढं साधं होतं गं. वर्षभर आपण तोंडाला फेस येईस्तोवर भांडलो आणि हे एकदाही एकीच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? तुला दोन्ही तुझी हवी होती आणि मला दोन्ही माझी.

रविवारी पहाटे निघाले. तुझा दादा चपला घालून दारात उभा. म्हणाला, "मी येतो." एवढंच. स्कूटरवर मागे मी चाक मांडीवर घेऊन बसले. गोरेगावकडून आरेत शिरल्या शिरल्या एका वळणापाशी थांबलो. ते मोठं चाक, त्यावर चढायला मला कुणाचा तरी खांदा लागतो, तुझा असायचा. मी इकडेतिकडे खांब शोधायला लागले तर हा येऊन बाजूला उभा राहिला आणि खांदा पुढे केला. तुझ्यापेक्षा उंच आहे. हात जरा वर ठेवावा लागला.

निघाले. पहिला खड्डा आला आणि टायरने तो गिळला. खरंच गिळला गं, मणक्याला कळलंसुद्धा नाही. तिथे मी मोठ्याने म्हटलं, बरं, हे तुझं बरोबर. पुढे रस्ता तबेल्यांच्या बाजूला कलला, तर चाकही निघालं तिकडेच. मी कमरेने उजवीकडे ओढतेय आणि ते म्हशींकडे चाललंय. तिथे मी आणखी मोठ्याने म्हटलं, आणि हे माझं बरोबर! दूधवाला थांबून बघायला लागला. बघेना का. चढावर दोनदा उतरावं लागलं, पाय पेटले होते. दोन्ही वेळा दादाने स्कूटर उभी करून न बोलता खांदा दिला. एक बस मागून आली, ड्रायव्हरने हॉर्न न मारता लांबून वळसा घेतला. झाडांतून ऊन यायला लागलं होतं, गवताचा आणि शेणाचा वास येत होता, आणि मी अखंड बडबडत होते. तुझं म्हणणं मी मांडायचे, मीच खोडायचे. तुझ्या वाटची वाक्यं मला तोंडपाठ आहेत गं. सगळी आहेत. नवीन एक सुचत नव्हतं.

पवईच्या बाजूला रस्ता संपतो तिथे उतरले. शब्द पुरा झाला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. पण नाही वाटलं. जाडा टायर बरोबर की बारीक, आरेच्या रस्त्यावर करून बघितलं, निम्मं तुझं, निम्मं माझं. निकाल लागला. वाद मिटला. आणि वैशू, मला तो मिटायला नको होता. आता मी कोणाशी भांडू? तिथेच रस्त्याच्या कडेला चाक धरून मी रडले. घाटावर रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. तिथे रडले.

दादाने स्कूटर लावली. माझ्याकडे बघितलं नाही, टायरकडे बघितलं. वाकून अंगठ्याने दाबला. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघालं.

"वैशूचंच बरोबर होतं. इथे जाडा टायरच पाहिजे."

मी डोळे पुसले. "काही बरोबर नव्हतं! रिम माझी आहे म्हणून चालला. तिच्या रिमवर जागचा हलला नसता."

"रिमने काय फरक पडतो?"

हनुवटी वर करून म्हणाला. हुबेहूब तुझ्यासारखी. मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्याला तिथल्या कठड्यावर बसवलं, चाक मधे आडवं ठेवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. टायर किती पसरतो, हवा किती भरायची, रिम अरुंद का हवी, सगळं बोट ठेवून ठेवून समजावलं. ऊन डोक्यावर आलं तरी समजावत होते. त्याला एक अक्षर पटलं नाही.